दर दोन तासांनी

पॅरिसच्या ईशान्येला काँपिएन्य नावाचं गाव आहे. फ्रेंच राजांच्या शिकारीचं विस्तीर्ण जंगल त्याला लागून आहे आणि त्या जंगलाच्या कडेला ‘राँ रोयाल’ नावाचं एक ऐसपैस हॉटेल होतं. मार्च 1915 मध्ये त्या हॉटेलात पाहुण्यांच्या जागी जखमी सैनिक आले. पहिल्या महायुद्धाची आघाडी तिथून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर होती. हॉटेलचं नाव बदलून ‘तात्पुरतं रुग्णालय क्रमांक 21’ झालं.

या रुग्णालयाच्या वॉर्डात शिरणाऱ्याला आधी दिसत त्या बाटल्या. खाटेखाटेला, जखमेपासून साधारण मीटरभर उंचीवर, काचेची एक बाटली टांगलेली. तिच्यातून निघालेली रबरी नळी खाली येई, काचेच्या एका जोडनळीपाशी तिला अनेक बारीक फाटे फुटत आणि ते फाटे सैनिकाच्या मांडीत, दंडात, नडगीत खोलवर गेलेले असत. मुख्य नळीवर एक चिमटा. दर दोन तासांनी परिचारिका यायची, चिमटा काही क्षण सैल करायची, जखम द्रावानं भरली की पुन्हा आवळायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची. दिवसा आणि रात्रीही.

आज गुडघ्याच्या बदललेल्या सांध्यात पू झाला किंवा मांडीच्या हाडातल्या रॉडभोवती जंतुसंसर्ग झाला, तर शस्त्रक्रियागृहात लिटरच्या लिटर सलाईननं तो भाग धुतात. त्या धुण्याचा पहिला शिस्तशीर धडा या हॉटेलातल्या खाटांवर गिरवला गेला. जखम कशानं धुवायची, याचं उत्तर तिथं मिळालं, असं सहसा सांगितलं जातं. मला वाटतं, त्याहून मोठं उत्तर तिथं सापडलं होतं. पाणी कुठवर पोचतं, कितीदा पोचतं आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे मोजतं कोण, यावर जखमेचं भवितव्य ठरतं. पुढच्या शंभर वर्षांत हे उत्तर विसरलं गेलं आणि धातूचे सांधे, पट्ट्या, खिळे माणसाच्या शरीरात बसू लागल्यावर ते पुन्हा शिकावं लागलं.

शेणखताची माती

1914 साली आघाडीवर गेलेल्या शल्यचिकित्सकांची तयारी वेगळ्याच युद्धाची होती. इंग्रज डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध होतं. तिथली जमीन कोरडी, उन्हानं तापलेली. रायफलची गोळी आरपार जाई, वरून पट्टी बांधली की पुष्कळ जखमा आपोआप भरून येत.

फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांचं, गुरांचं शेणखत मुरलं होतं. त्या मातीत धनुर्वाताचे आणि गॅस गँगरीनचे जंतू मुबलक. सैनिक खंदकांत आठवडेच्या आठवडे त्याच चिखलात बसून असत. तोफगोळ्याचा वेडावाकडा तुकडा मांडीत घुसे तेव्हा गणवेशाच्या चिंध्या आणि चिखल घेऊनच घुसे. चेंदलेल्या मांसाचा रक्तपुरवठा तुटलेला, आत प्राणवायू नाही. या जंतूंना नेमकं हेच हवं असतं. काही तासांत पाय सुजे आणि दाबून पाहिलं तर कातडीखाली वायूचे बुडबुडे करकरत. हाडही मोडलेलं असेल तर जीव वाचवण्यासाठी पाय कापावा लागे. ज्यांचा पाय वाचे त्यांच्या हाडातून महिनोन्‌महिने पू वाहत राही.

जंतुनाशकं नव्हती असं नाही. जोसेफ लिस्टरनं 1867 पासून कार्बोलिक ॲसिडची महती जगाला पटवली होती. आयोडीन होतं, पाऱ्याची संयुगं होती. पण पुवानं भरलेल्या जखमेत त्यांचा प्रभाव पडेना आणि जंतूंसोबत जिवंत मांसही होरपळून निघे. अनेक डॉक्टर तर या निष्कर्षाला आले होते की एकदा जखम चिघळली की औषधाचा उपयोग नाही.

दोन माणसं

हे मान्य नसलेला एक माणूस होता अलेक्सिस कॅरेल. ल्यों शहराजवळ 1873 साली जन्मलेला. तो वैद्यकीचा विद्यार्थी असताना, 1894 मध्ये, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्योंमध्येच सुरीहल्ला झाला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर कापली गेली होती आणि ती शिवण्याची विद्या कुणाकडेच नव्हती. कार्नो गेले. कॅरेलच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. ल्यों हे रेशमाचं आणि भरतकामाचं शहर. तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून तो अतिशय बारीक सुईनं टाके घालायला शिकला आणि पुढे रक्तवाहिन्या शिवण्याची पद्धत बसवून 1912 चं नोबेल पारितोषिक मिळवलं. युद्ध सुरू झालं तेव्हा तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत संशोधक होता आणि सुटीवर मायदेशी आला होता. काँपिएन्यचं रुग्णालय रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून उभं राहिलं. कॅरेलची पत्नीही तिथं परिचारिका म्हणून राबत होती.

दुसरा माणूस होता हेन्री ड्रायसडेल डेकिन. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ, जन्म 1880 चा, लीड्समध्ये शिकलेला. न्यूयॉर्कमध्ये डॉ. हर्टर यांच्या घरातल्या खासगी प्रयोगशाळेत तो काम करत असे. स्वभावानं अबोल, सभासमारंभांपासून दूर राहणारा. कॅरेलला शस्त्रक्रिया येत होती, रसायन येत नव्हतं. डेकिननं जखमी माणूस कधी हाताळला नव्हता, पण रेणू हाताळण्यात त्याचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल.

कॅरेलच्या जखमींसाठी डेकिननं दोनशेहून अधिक पदार्थ तपासले. कसोटी अवघड होती. जंतू मारायचे, पण पू आणि रक्तद्रव असतानाही मारायचे, आणि जिवंत मांसाला इजा करायची नाही. या चाळणीतून शेवटी उरला तो कपडे पांढरे करायला वापरतात तो पदार्थ, सोडियम हायपोक्लोराइट. त्याची ओळख जुनी होती. पॅरिसजवळच्या जावेलमध्ये अठराव्या शतकापासून तो तयार होत असे. व्हिएन्नात झेमेलवाइसनं 1847 मध्ये बाळंतिणींचा ज्वर रोखण्यासाठी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले होते. मग हा जखमेत का वापरत नव्हते? बाजारातल्या द्रावात मुक्त अल्कली असे, त्यामुळे तो मांस जाळी आणि दर बाटलीगणिक त्याची तीव्रता बदले.

डेकिननं दोन्ही गोष्टी ताब्यात आणल्या. बोरिक ॲसिड घालून अल्कली मारली आणि तीव्रता 0.45 ते 0.5 टक्के या चिंचोळ्या पट्ट्यात बांधली. त्याखाली गेलं तर जंतू टिकतात, त्यावर गेलं तर जखम चरचरते. घरात लादी पुसायला मिळणारं ब्लीच याच्या साधारण दहापट तीव्र असतं, म्हणून ते कधीही जखमेवर ओतू नये. ऑगस्ट 1915 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डेकिननं ही कृती जगापुढे मांडली. नंतर काँपिएन्यमधल्याच दोफ्रेन या रसायनज्ञानं ती आणखी सुधारली.

त्या वर्षाच्या 22 एप्रिलला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्यानं क्लोरीन वायूचा हिरवट ढग शत्रूच्या खंदकांवर सोडला. माणसांची फुप्फुसं आतून जळाली. तेच मूलद्रव्य त्याच महिन्यांत काँपिएन्यमध्ये अर्ध्या टक्क्याच्या द्रावातून माणसांचे पाय वाचवत होतं. ही दोन दृश्यं मला कधी वेगळी करता येत नाहीत.

चिमटा, नळी आणि आलेख

या द्रावाची एक अडचण डेकिनला चांगली ठाऊक होती. तो जखमेतल्या प्रथिनांशी झटपट संयोग पावतो आणि संपतो. मेलेलं मांस विरघळवण्याची त्याची ताकद त्यातूनच येते, पण एकदा ओतून मोकळं होता येत नाही. सकाळी ड्रेसिंग केलं आणि संध्याकाळपर्यंत विसरलं, तर मधले सगळे तास जंतूंचे. म्हणून दर दोन तासांनी ताजा द्राव. कॅरेलच्या पद्धतीचं सारं यंत्र या एका रासायनिक मर्यादेभोवती उभं राहिलं.

ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिलं काम चाकूचं. जखम रुंद उघडायची, चिंध्या, माती, धातूचे तुकडे, हाडाच्या सुट्या कपच्या आणि मेलेलं मांस काढून टाकायचं. मग नळ्या. प्रत्येक रबरी नळीचं टोक दोऱ्यानं बांधून बंद केलेलं आणि शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये बाजूनं बारीक भोकं पाडलेली, म्हणजे द्राव टोकाशी एका जागी न सांडता सगळीकडे झिरपावा. उथळ जखमेसाठी नळीवर टॉवेलचं खरखरीत कापड चढवत, म्हणजे द्राव कापडातून पसरे. जखमेला जितके कप्पे तितक्या नळ्या. रुग्णाला असं निजवायचं की जखम वाटीसारखी वर उघडी राहील आणि द्राव तिच्यात साठेल. आजूबाजूच्या निरोगी कातडीवर व्हॅसलीन लावलेल्या जाळीदार कापडाच्या पट्ट्या, कारण द्राव कातडीला झोंबतो.

आणि मग मोजणी. दर एक-दोन दिवसांनी प्लॅटिनमच्या तारेच्या वेढ्यानं जखमेतला थेंब घेऊन काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी किती जंतू दिसतात ते मोजायचे. तो आकडा रुग्णाच्या तक्त्यावर टिंब म्हणून मांडायचा. टिंबं जोडत रेघ खाली उतरू लागे. अनेक वेळा पाहूनही जंतू जवळपास दिसेनासे झाले आणि लागोपाठच्या तपासण्यांत तेच आलं, म्हणजे मगच जखम शिवायची. रेघ वर चढली तर कुठेतरी कप्पा राहिला आहे असं समजायचं आणि तो शोधायचा. ल्कोंत द न्वी हा तरुण शास्त्रज्ञ तिथं जखमेचं क्षेत्रफळ मोजून ती किती दिवसांत भरेल याचं गणित बसवत होता. जखमेकडे आकड्यांनी पाहण्याची ही सवय त्या काळात अगदी नवी होती.

कॅरेल आणि त्याचा सहकारी देएली यांनी 1917 मध्ये हे सगळं पुस्तकात मांडलं. बेल्जियमच्या किनाऱ्यावर ला पान इथं आंत्वान दपाज यांच्या रुग्णालयानं ही पद्धत आपलीशी केली. अमेरिका युद्धात उतरल्यावर 1917 मध्येच रॉकफेलर संस्थेच्या आवारात लाकडी इमारतींचं एक रुग्णालय खास ही पद्धत शिकवण्यासाठी उघडलं गेलं. तिथं डॉक्टरांना द्राव बनवण्यापासून आलेख काढण्यापर्यंत सगळं हातानं करून पाहावं लागे.

फ्लेमिंगची काटेरी नळी

पण सगळ्यांना हे पटलं नव्हतं. समुद्रकाठच्या बुलोन्य शहरातल्या कॅसिनोत इंग्रजांचं लष्करी रुग्णालय होतं. तिथं आल्म्रोथ राइट यांच्या हाताखाली एक स्कॉटिश डॉक्टर जखमांतल्या जंतूंचा अभ्यास करत होता. त्याचं नाव अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलिन अजून तेरा वर्षं दूर होतं.

फ्लेमिंगनं एक काचनळी घेतली, ज्योतीवर मऊ केली आणि तिच्या भिंतीतून पोकळ काटे बाहेर ओढले. ही त्याची नकली जखम. खऱ्या जखमेत नसतात का असेच कोनेकोपरे, हाडाच्या कपच्यांमागचे, स्नायूंच्या घड्यांमधले? त्यानं ती नळी दूषित द्रवानं भरली, मग रिकामी करून जंतुनाशकानं भरली. पुरेसा वेळ ठेवून तेही ओतून टाकलं आणि निर्जंतुक द्रव भरला. काही काळानं तोही पहिल्याइतकाच गढूळ झाला. जंतुनाशक मधल्या पोकळीत होतं, जंतू काट्यांच्या टोकांत होते. शिवाय पुष्कळ जंतुनाशकं जंतूंच्या आधी शरीराच्या पांढऱ्या पेशींना मारतात, हेही त्यानं दाखवलं. राइट आणि फ्लेमिंग यांचा भर मिठाच्या पाण्यावर आणि शरीराच्या स्वतःच्या ताकदीवर होता. कॅरेलच्या रुग्णालयातलं यश हे चाकूचं आणि शुश्रूषेचं आहे, औषधाचं नाही, असं त्यांच्या बाजूचे म्हणत.

हा वाद त्या वेळी बराच पेटला. आज मागे वळून पाहिलं तर दोघं एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते असं दिसतं. फ्लेमिंगची काटेरी नळी सांगते की कोपऱ्यात पोचला नाही तर कुठलाही द्राव व्यर्थ आहे. कॅरेलच्या नळ्या याच कोपऱ्यांत पोचण्यासाठी होत्या. आपल्याकडे खरकटं भांडं आधी घासतात आणि मग विसळतात. न घासता विसळलेलं भांडं वरून लखलखीत दिसलं तरी हात फिरवला की ओशट लागतं. चाकू म्हणजे घासणं, द्राव म्हणजे विसळणं. क्रम चुकला की दोन्ही वाया.

बाटली कपाटात गेली

1918 च्या 11 नोव्हेंबरला त्याच काँपिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात युद्धविरामावर सह्या झाल्या. कॅरेल न्यूयॉर्कला परतला. त्याचं पुढचं आयुष्य लपवून चालणार नाही. 1935 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यानं ‘निकृष्ट’ माणसांना संपवण्याचे विचार मांडले आणि दुसऱ्या महायुद्धात नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या आश्रयानं संस्था चालवली. 1944 मध्ये तो गेला. ज्या हातांनी इतके पाय वाचवले त्याच माणसाच्या लेखणीतून हे उतरलं, हे वाचताना मन खंतावतं. डेकिन हडसनकाठच्या आपल्या प्रयोगशाळेत शांतपणे काम करत राहिला आणि 1952 मध्ये वारला.

दरम्यान 1915 मध्येच एडिंबरा विद्यापीठात याच रसायनाचं स्वस्त भावंड तयार झालं. ब्लीचिंग पावडर आणि बोरिक ॲसिड, लिटरभर पाण्यात प्रत्येकी साडेबारा ग्रॅम. विद्यापीठाच्या नावावरून त्याला युसोल म्हणू लागले. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला किंवा सिस्टरना हे नाव सांगावं लागत नाही. रुग्णालयाच्याच औषध विभागात बनवलेली ती बाटली ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर वर्षानुवर्षं राहिली. मधुमेहानं सडलेल्या पायावर, खाटेला खिळलेल्या आजीच्या पाठीच्या जखमेवर युसोलमध्ये भिजवलेली पट्टी अनेकांनी पाहिली असेल. काँपिएन्यचा वास आपल्या वॉर्डांपर्यंत असा पोचला.

पण द्राव आला, शिस्त मागे राहिली. दोन तासांचा नेम आणि मोजणी यांना माणूसबळ लागतं. 1930 च्या दशकात सल्फा औषधं आली, दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आलं. सुई टोचली की जंतू मरतात, मग नळ्या कशाला? कॅरेलच्या बाटल्या कपाटात गेल्या.

हाडात धातू

याच काळात शल्यचिकित्सा एका वेगळ्या दिशेनं निघाली होती. मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये बांधून वाट पाहण्याऐवजी धातूनं जोडायचं. कीलमध्ये गेरहार्ट क्युन्चरनं 1939 मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब खिळा ठोकला. 1958 मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी एओ गट स्थापन करून प्लेट आणि स्क्रू बसवण्याचं शास्त्र घडवलं. इंग्लंडमधल्या राइटिंग्टनला जॉन चार्नलीनं नोव्हेंबर 1962 मध्ये पॉलिथिनची वाटी आणि धातूचा गोळा असा खुब्याचा कृत्रिम सांधा बसवला आणि वर्षानुवर्षं वेदनेनं जखडलेली माणसं पुन्हा चालू लागली.

धातूसोबत जुना शत्रूही परतला. चार्नलीच्या सुरुवातीच्या काळात दर शंभरात सात-आठ खुब्यांत जंतुसंसर्ग होई. गाळलेली हवा, बंदिस्त शस्त्रक्रिया-कक्ष आणि अंगभर झाकणारे पोशाख वापरून त्यानं हे प्रमाण एक टक्क्याखाली आणलं. पण ज्याच्या वाट्याला ते येई त्याची दैना होई. प्रतिजैविक दिलं की ताप उतरे, पू थांबे. औषध बंद केलं की काही आठवड्यांत व्रण पुन्हा फुटे.

याचा एक धागा 1957 मध्येच हाती लागला होता. लंडनमध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वेच्छेनं पुढे आलेल्या माणसांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस जंतू टोचून पाहिले. नुसत्या कातडीत पू व्हायला लाखो जंतू लागत. तिथं रेशमाचा एक टाका ठेवला तर काही शे जंतू पुरत. परकी वस्तू शरीरात असली की जंतूंचं काम हजारो पटींनी सोपं होतं, हे त्यातून उघड झालं. एका टाक्याची ही गत, तर मांडीभर लांबीच्या रॉडची काय?

एओ गटाचे एक संस्थापक हान्स विलेनेगर लीस्टालच्या रुग्णालयात काम करत. 1960 च्या दशकात त्यांनी पिकलेल्या हाडासाठी नळ्या पुन्हा बाहेर काढल्या. मेलेलं हाड खरवडून काढायचं, जखम शिवून बंद करायची आणि आत दोन प्रकारच्या नळ्या ठेवायच्या. एकीतून द्राव आत येतो, दुसरीतून ओढून बाहेर जातो, दिवसरात्र. कॅरेलला उघड्या जखमेत जे करता येई ते आता बंद जखमेत होऊ लागलं. पुष्कळ रुग्णांना गुण आला, तसे दोषही दिसले. रक्ताच्या गुठळीनं नळी तुंबे. पाणी एकदा सोपी वाट सापडली की तिथूनच वाहत राही आणि बाकीचे कप्पे कोरडे पडत. नळी फार दिवस ठेवली तर तिच्याच वाटेनं नवे जंतू आत शिरत. फ्लेमिंगचे काटे पुन्हा समोर उभे राहिले.

दगडावरची साय

खरं कोडं सुटलं ते डोंगरातल्या झऱ्यांमुळे. कॅनडातले बिल कॉस्टरटन आणि त्यांचे सहकारी पाहत होते की वाहत्या पाण्यात जंतू सुटे तरंगतात त्याहून कितीतरी जास्त दगडांना चिकटलेले असतात, स्वतः स्रवलेल्या चिकट थरात गुरफटून. 1978 मध्ये त्यांनी ही कल्पना ठामपणे मांडली. पुढे या थराला बायोफिल्म हे नाव रुळलं. पावसाळ्यात नदीच्या घाटाच्या पायरीवर पाय ठेवावा आणि तो सटकावा, तीच ही बुळबुळीत साय. तांब्याभर पाणी ओतून ती जात नाही, खराट्यानं घासावी लागते.

धातूच्या सांध्यावर तीच साय धरते. तिच्या आतले जंतू सुस्तावलेले असतात, त्यामुळे रक्तातून येणारं औषध त्यांना मारू शकत नाही. सुट्या जंतूला पुरते त्याच्या शेकडो पट मात्राही अपुरी पडते. 1987 मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. धातूवर आधी शरीराच्या पेशी पोचल्या तर सांधा शरीराचा, जंतू पोचले तर जंतूंचा. फ्लेमिंगच्या नळीत कोपरे काचेचे होते. इथं जंतू आपला कोपरा स्वतःच बांधतात.

आजच्या उपचाराचा साचा यातूनच आला. शस्त्रक्रियेनंतर महिनाभराच्या आत किंवा लक्षणं सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आत रुग्ण आला आणि सांधा घट्ट असला, तर साय कोवळी असते. मग सांधा उघडतात, पिकलेलं अस्तर कापतात, प्लास्टिकचा सुटा भाग बदलतात, धातू घासतात, भरपूर धुतात आणि धातू जागेवर ठेवून दीर्घकाळ प्रतिजैविकं देतात. वेळ टळली असेल तर धातूच काढावा लागतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर जखमेतून पाणी येऊ लागलं तर ‘बघू, थांबेल’ म्हणत आठवडे घालवू नयेत. डॉक्टरांकडे लगेच जावं. या आजारात दिवसांची किंमत हाडानं मोजावी लागते.

जोराची धार, हलकी धार

धुण्याच्या रीतीवरही पुन्हा वाद झाला, या वेळी जोरावरून. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या दंतसंशोधकांनी ठोक्याठोक्यानं जोरदार पाणी मारणारं उपकरण जखमांसाठी वापरलं. पुढे ते अस्थिशल्यगृहांत सगळीकडे पसरलं. जोर जास्त तितकी सफाई जास्त, हे मनाला सहज पटतं. मग प्रयोगशाळांतून दिसू लागलं की फार जोराची धार हाडाला इजा करते आणि घाण मऊ मांसात आणखी खोल ढकलू शकते. उघड्या अस्थिभंगात जखमेच्या तीव्रतेनुसार तीन, सहा किंवा नऊ लिटर पाणी वापरायचं, असा ठोकताळा रूढ झाला. पण त्या पाण्यात काय घालावं आणि ते किती जोरानं मारावं?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे मोहित भंडारी आणि सहकाऱ्यांनी याची मोठी चाचणी केली. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे आणि भारत इथल्या 41 केंद्रांवर, अडीच हजारांच्या आसपास उघड्या अस्थिभंगाच्या रुग्णांवर. 2015 मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण जोराच्या धारेत 13.2 टक्के, हलक्या धारेत 12.7 आणि अगदी हलक्या, जवळपास आपसूक पडणाऱ्या धारेत 13.7. म्हणजे फरक नाहीच. साबणाच्या पाण्यानं मात्र निकाल बिघडला. साबणात 14.8 टक्के, साध्या सलाईनमध्ये 11.6 टक्के. उंचावर टांगलेल्या पिशवीतलं साधं मिठाचं पाणी महागड्या यंत्राच्या तोडीचं ठरलं. मीटरभर उंचीच्या कॅरेलच्या बाटलीला शंभर वर्षांनी मिळालेला हा न्याय होता. गरीब देशातल्या तालुक्याच्या रुग्णालयासाठी यापेक्षा चांगली बातमी कोणती?

ती चाचणी ताज्या अस्थिभंगाची होती. धातूवरच्या सायीला नुसतं पाणी पुरत नाही, म्हणून तिथं खरवडणं आणि जंतुनाशक दोन्ही लागतात. अनेक शल्यचिकित्सक जखम बंद करण्याआधी 0.35 टक्के इतकं पातळ केलेलं बीटाडीन तीन मिनिटं आत ठेवतात आणि मग सलाईननं धुऊन टाकतात. काही जण पातळ केलेला डेकिनचा द्राव वापरतात. अर्ध्या टक्क्याची ती जुनी काळजी इथं नव्या आकड्यांत जिवंत आहे.

कॅरेलचा नेमही परतला आहे. जर्मनीत 1990 च्या दशकात जखमेत स्पंज ठेवून, वर हवाबंद पडदा लावून, यंत्रानं ठरावीक वेळानं द्राव आत सोडण्याची पद्धत निघाली. द्राव दहा-वीस मिनिटं आत थांबतो, मग यंत्र तो खेचून घेतं आणि काही तासांनी पुन्हा सोडतं. हा अवकाश पुष्कळदा दोन-तीन तासांचाच असतो. रात्रीच्या वॉर्डात चिमटा सैल करणाऱ्या त्या परिचारिकेचं काम आता खाटेशेजारची पेटी करते.

बाटली परत आली, अवकाश परत आला. तिसरी गोष्ट, मोजणी, अजून पुरती परत आलेली नाही. काँपिएन्यमध्ये रेघ जवळपास शून्याला टेकल्याशिवाय जखम शिवत नसत. आज उघडलेल्या सांध्यापुढे उभा असलेला शल्यचिकित्सक नऊ लिटर पाणी ओततो, पण धातूवरची साय गेली की नाही हे तिथल्या तिथे सांगणारं भरवशाचं साधन त्याच्या हातात नाही. साय रंगवून दाखवणारी निळी द्रव्यं लावून पाहिली जात आहेत. अजून तरी त्याला आपल्या डोळ्यावर आणि हातावर विसंबूनच टाके घालावे लागतात आणि खरं उत्तर कित्येक महिन्यांनी मिळतं. ज्या दिवशी त्या टेबलाशेजारी पुन्हा एक तक्ता टांगला जाईल, त्यावर टिंबं पडतील आणि रेघ खाली उतरताना दिसेल, त्या दिवशी काँपिएन्यचा धडा आपण पुरा केला असं म्हणता येईल.